खांद्यावरचे आठ तास

मी बोलतोय खरा, पण बोलणं हे माझं काम नव्हे. माझं काम ऐकायचं. आवाज मोजणारं एक छोटं यंत्र आहे मी. काडेपेटीहून थोडं मोठं, करड्या रंगाचं, डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी. कामगाराच्या खांद्यावर, कानाजवळ, मला चिमट्याने अडकवतात आणि पाळी संपेपर्यंत मी तिथे बसून असतो. दिवसभरात त्याच्या कानावर किती आवाज पडला, ते मिनिटामिनिटाला लिहून ठेवतो. फक्त किती, ते. काय, ते नाही. शिवी असो की गाणं, माझ्याकडे आलं की त्याचा आकडा होतो. ऐकू मला सगळं येतं. जपून ठेवता काहीच येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात पेटी उघडली, तेव्हा आम्ही बारा जण होतो. शिपायाने चिकटपट्टीवर आकडे लिहून आमच्या पाठीवर डकवले. मी सात नंबर. कामगारांचा रोजगार, पगार, कौशल्य आणि कामाच्या जागी जडणारे आजार, यांची पाहणी करणारं ते कार्यालय. आम्ही बारा जण एकाच पेटीत, आपापल्या खाचेत, एकमेकांना न शिवता राहायचो. दिवसभर बारा ठिकाणी बारा जण ऐकून यायचे आणि संध्याकाळी कुणाला कुणाशी काही सांगता यायचं नाही.

मला घेऊन फिरायची ती नीरजा. सव्वीसेक वर्षांची, घर ठाण्यातच, नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. "तुमची नोकरी कायम आहे की कंत्राटी?" हा प्रश्न ती दिवसातून चार वेळा लोकांना विचारायची. कुणी उलट विचारलंच, "आणि तुमची, मॅडम?" तर हसून पुढचा प्रश्न वाचायची.

माणसांच्या सवयी मला पाठ झाल्या. पहिला अर्धा तास माणूस मान ताठ ठेवतो आणि माझ्याजवळ बोलायला घाबरतो. "हळू बोल, शेठ ऐकतोय यातनं," असं मी किती ठिकाणी ऐकलं. कोलशेतच्या एका कंपनीतला गडी माझ्या तोंडाशी मुद्दाम शिट्या मारायचा, आकडा मोठा यावा म्हणून. दुसरा एक जण मशीन सुरू झालं की माझ्यावर हात झाकायचा, मालकाला त्रास नको म्हणून. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळेच मला विसरून जातात. पाहणीसाठी ते चांगलं असतं, कारण विसरलेला माणूस खरा वागतो. मला मात्र तिथे बसून कसंसंच व्हायचं. इतक्या जवळ कुणी बसवत नाही कुणाला, आणि इतकं विसरतही नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्या गाळ्यावर आम्ही गेलो जानेवारीत. चार पॉवर प्रेस, सहा माणसं. पत्र्याच्या पट्टीवर प्रेस आदळायची आणि रंगाच्या डब्याचं एक झाकण खाली पडायचं. आदळायची आणि पडायचं. गाळ्याच्या मागच्या बाजूला शेठची काचेची केबिन होती.

मी कुणाच्या खांद्यावर बसायचं त्यासाठी चिठ्ठी टाकली, तिच्यात नाव निघालं तानाजीचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मूळचा साताऱ्याकडचा, आता राहायला खडवलीला. नीरजाने त्याला बाहेर पिंपावर बसवून फॉर्म भरायला घेतला. शिक्षण, पगार, कामाचे तास झाले. मग तिने विचारलं, "काम कुठे शिकलात, काका?"

"बघून."

"म्हणजे आयटीआय, प्रशिक्षण वगैरे?"

"नाही. बघून."

"मग कुशल लिहू की अकुशल?"

तानाजीने दोन्ही पंजे तिच्यापुढे पसरले. "बावीस वर्षं प्रेसवर आहे. बोटं दहाच्या दहा आहेत. मोजा, आणि काय लिहायचं ते लिहा."

शेजारच्या प्रेसवरचा साईनाथ दारात चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "माझी साडेनऊ आहेत, मॅडम. मला निमकुशल लिहा."

नीरजा हसली. पुढचा प्रश्न होता, ऐकू कसं येतं. तानाजी लगेच म्हणाला, "एकदम झकास." इतर प्रश्नांना त्याने वेळ घेतला होता. ह्याला घेतला नाही.

मग तिने मला त्याच्या खांद्यावर अडकवलं आणि नेहमीचं वाक्य सांगितलं. "काका, हे महागाचं आहे, बाहेरून आलंय. तेल लागू देऊ नका हं, पाणीही नको. मी साडेपाचला येते." तिला आणखी दोन गाळ्यांवर जायचं होतं. हे वाक्य तिने शंभर जणांना सांगितलं असेल. कुणीच ते इतकं मनावर घेतलं नव्हतं.

प्रेस नुकत्याच सुरू झाल्या होत्या. प्रेसमधून तेलाचा बारीक फवारा उडत होता आणि त्यातला एक थेंब माझ्या स्पंजवर पडला. तानाजीने प्रेस थांबवली. हात चिंध्यांना पुसले, मला काढलं, आणि खिशातल्या धुतलेल्या रुमालाने माझी टोपी टिपली. मग इकडेतिकडे बघत राहिला. गाळ्यात स्वच्छ जागा एकच होती, केबिनमधला देव्हारा. शेठ त्या दिवशी भिवंडीला गेले होते. तानाजी केबिनमध्ये गेला, रुमालाची घडी घातली, देव्हाऱ्यात पसरली आणि तिच्यावर मला ठेवलं.

साईनाथ मागोमाग आला. "काय रे?"

"सरकारी वस्तू आहे. तेल उडतंय तिकडे."

"मग अशीच ठेवलीस? नवीन मशीन आहे." आणि त्याने देवापुढचं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. कालचं एक झेंडूचं फूलही वाहिलं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मला जपायचं असतं, असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं. काचेच्या पलीकडून प्रेसचा आवाज लांब कुणी लाकडं फोडावीत तसा येत होता. दीडच्या सुमाराला साईनाथने आत येऊन घंटा वाजवली. त्या गाळ्याचा तो रिवाज आहे. जेवणं झाली की देवापुढची घंटा वाजते, आणि ती वाजल्याशिवाय कुणी प्रेस चालू करायची नाही. साईनाथचं अर्धं बोट गेलं, ते जेवणानंतर कुणीतरी न सांगता बटण दाबलं म्हणून. तेव्हापासून. घंटा माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मी दचकलो आणि आकडा लिहिला. मग पुन्हा तीच शांतता, संध्याकाळपर्यंत.

सव्वापाचला, प्रेस बंद झाल्यावर, तानाजीने अंगठ्याने माझं कुंकू पुसलं आणि मला खांद्यावर लावलं. नीरजा आली. "अरे वा, काका, किती स्वच्छ ठेवलंत." तानाजी लाजला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कार्यालयात माझ्यातले आकडे संगणकावर उतरले. दिवसाची सरासरी, त्रेसष्ट डेसिबल. नीरजा तशीच उठून सुधीर सरांच्या टेबलाशी गेली. ते पाहणीचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, शब्द तोलून बोलणारे.

"सर, चार प्रेस चालू असलेल्या गाळ्यात त्रेसष्ट येईल कसं? आपण इथे बोलतोय ना, तेवढं आहे ते."

"आकडा आला आहे, तर तो लिहायचा. आपण आकडे घडवत नाही, नीरजा."

"पण पंच्याऐंशीच्या खाली गेला की तो गाळा सुटतो, सर. गाडी जाणार नाही तिथे."

ही गाडी म्हणजे कान तपासायची. आत बंद खोली आणि एक डॉक्टर. पाहणीत पंच्याऐंशीची रेघ आखली होती. तिच्या वर जो गाळा जाईल, तिथल्या प्रत्येक कामगाराचे कान तपासायचे, खाली असेल त्याला सोडून द्यायचं.

सुधीर सरांनी चष्मा काढला. "मग कारण शोधून आणा. शुक्रवारपर्यंत. कारण लेखी मिळालं, तर पुन्हा मोजू. नाही मिळालं, तर हाच आकडा जाईल."

नीरजाने माझ्या दिवसाचा आलेख छापला. सकाळचा पहिला छोटा उंचवटा सोडला तर सपाट रेघ, आणि दुपारी एक चौतीसला एकच उंच सुळका. त्या सुळक्याभोवती तिने पेनने गोल काढला. मला सगळं माहीत होतं. मी तिच्या टेबलावरच होतो, हातभर अंतरावर.

गुरुवारी आम्ही पुन्हा डोंबिवलीला गेलो. तिने तानाजीला बाहेर बोलावून सांगितलं, "काका, तुमच्या गाळ्याचा आकडा फार कमी आलाय. असाच राहिला तर कान तपासायची गाडी इकडे येणार नाही."

"बरं," तानाजी म्हणाला. "आमचं काय, ठीक चाललंय." आणि आत जाऊन प्रेसवर बसला.

त्या 'बरं'मध्ये केवढी सुटका होती, ते मला नंतर कळलं. त्याचा डावा कान गेला होता आणि उजवा जात होता. चार वर्षं त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. प्रेसवरचा माणूस डोळ्यांइतकाच कानाने काम करतो. साचा अडकायला लागला की ठोक्याचा आवाज बदलतो, तो ऐकून हात मागे घ्यायचा असतो. ज्याला तो ऐकू येत नाही, त्याला कुठला शेठ प्रेसवर ठेवील? पन्नाशीनंतर दुसरं काय काम मिळणार? गाडी आली नाही, तर त्याचं गुपित शाबूत राहणार होतं. आणि मी देव्हाऱ्यात बसून लिहिलेला खोटा आकडा त्याच्या गुपिताची राखण करत होता.

नीरजा आत आली. आलेखाचा कागद तिने साईनाथपुढे धरला. "दुपारी एक चौतीसला काय होतं इथे?"

"दीडची घंटा, मॅडम."

"कुठे असते ती?"

साईनाथने तानाजीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "केबिनमध्ये. देवाजवळ."

प्रेस एकेक करून थांबल्या. तानाजीची तेवढी चालू राहिली. नीरजा त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "काका, त्या दिवशी यंत्र कुठे होतं?"

तानाजी हसला आणि त्याने मान हलवली.

हे हसू तो सगळ्यांना द्यायचा. शेठला, चहावाल्याला, घरच्यांना. लोक ते घेऊन निघून जायचे, किंवा ओरडून पुन्हा विचारायचे. नीरजा क्षणभर थांबली. ओरडली नाही. प्रेसला वळसा घालून ती त्याच्या उजव्या कानापाशी आली, आणि तोच प्रश्न तेवढ्याच आवाजात तिने पुन्हा विचारला.

तानाजीने बटण दाबून प्रेस बंद केली. हातातली पट्टी बाजूला ठेवली. तिला कळलंय, हे त्याला कळलं होतं. नाही म्हणाला असता तर चाललं असतं. शुक्रवार एकाच दिवसावर होता.

"देवाजवळ ठेवलेलं," तो म्हणाला. "मीच ठेवलेलं."

"का, काका?"

"तेल उडत होतं. तुम्हीच बोललेलात, तेल लागू देऊ नका."

साईनाथ म्हणाला, "कुंकूपण लावलेलं, मॅडम. ते माझं काम."

नीरजाला हसू आलं, आणि मग ती कपाळाला हात लावून खोक्यावर बसली. तानाजीने विचारलं, "सही करावी लागेल का मला? सरकारी वस्तू काढली म्हणून?"

"तुम्हाला काही होणार नाही. चूक माझी आहे." तिने फॉर्मवर लिहिलं, 'सूचना अपुरी दिली', आणि खाली स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी सुधीर सर ते वाचून म्हणाले, "हे तुमच्या फाइलला लागेल. मार्चमध्ये करार संपतोय तुमचा." ती म्हणाली, "हो, सर." त्यांनी पुन्हा मोजायला परवानगी दिली.

सोमवारी सकाळी मी दुसऱ्यांदा तानाजीच्या खांद्यावर बसलो. या वेळी नीरजाने नीट सांगितलं. तेल लागलं तर लागू दे, काढायचं नाही. तानाजीने विचारलं, "यात बोललेलं भरतं का?"

"नाही, काका. फक्त आवाज किती, तेवढंच. शब्द काही राहत नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

ती गेली. प्रेस सुरू झाल्या. आठ तास मी त्याच्या कानापाशी होतो. त्या गाळ्यातला आवाज काय असतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं ऐकत होतो. तासाभराने मला त्यात दुसरा एक आवाज लागला. तानाजी बोलत होता. मान खाली, हात चालू, ओठ जेमतेम हलत होते. शेजारी साईनाथ होता, पण त्या गदारोळात त्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. तानाजी माझ्याशी बोलत होता.

"सान्वी तीन वर्षांची झाली," तो म्हणाला. "नात माझी. बारीक आवाज आहे म्हणे तिचा. मी ऐकलेला नाही. ओठ हलताना दिसतात. मी हसतो, मान हलवतो."

एक झाकण पडलं. आणखी एक.

"परवा काहीतरी विचारलं तिने. मी हो म्हणालो. तर रडायलाच लागली. काय विचारलेलं कुणास ठाऊक. शालूला विचारायची लाज वाटली. बायकोच आहे, पण लाज वाटली. आता पोर येते, बाहुली दाखवते आणि जाते. बोलत नाही."

जेवणानंतर पुन्हा बोलला. गावाकडच्या विहिरीबद्दल, एका जुन्या मित्राबद्दल, घरी रेडिओ लावायचं का सोडलं त्याबद्दल. बावीस वर्षं एका जागी बसलेला माणूस काय काय साठवून ठेवतो. मी ऐकत होतो आणि लिहीत होतो. शहाण्णव. सत्त्याण्णव. शहाण्णव. मला दुसरं काही लिहिता येत नाही. त्या दिवशी मला माझ्या घडणीची चीड आली.

सरासरी शहाण्णव निघाली, आणि पुढच्या आठवड्यात गाडी आली. तपासणी सकाळी, प्रेस सुरू व्हायच्या आधी. नीरजाची पिशवी गाडीच्या पायरीवर होती आणि मी पिशवीत, वरच. रांगेत तानाजी पहिला होता. "तू जा आधी," तो मागच्याला म्हणाला. मग त्याच्या मागच्याला. मग साईनाथला. शेवटी रांगेत तो एकटा उरला. नीरजाने त्याला बोलावलं नाही. फक्त दार उघडं धरून ती उभी राहिली. तो आत गेला.

वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा हातात कागद होता. उजव्या बाजूला येऊन नीरजाने त्याला तो समजावून सांगितला. डावा जवळजवळ गेलेला. उजवा अर्धा आहे, जपला तर राहील. कानाला ऐकण्याचं मशीन लावलं तर बारीक आवाजही येतील, पण त्यासाठी ठाण्याला मोठ्या दवाखान्यात जावं लागेल.

"हा शेठला द्यायचा?"

"नाही. तुमचा आहे. कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा."

तानाजीने कागदाची घडी करून खिशात ठेवली. दोन पावलं गेला, परत आला, आणि घडी साईनाथच्या हातात दिली. "वाच."

साईनाथने उघडलीसुद्धा नाही. त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला, "मला माहितेय रे. चार वर्षं झाली."

"काय माहितेय?"

"हेच. साचा अडकायला लागला की मी पट्टी हलवतो तुझ्यापुढे. तुला काय वाटलं, वारा येतो?"

तानाजी म्हणाला, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतास. म्हटलं, तुला नको असेल."

दोघे गाडीच्या सावलीत उभे होते. गाळ्यात कुणीतरी पहिली प्रेस चालू केली. तानाजीने कागद परत घेतला आणि आज घरी दाखवतो म्हणाला. ते त्याने दोनदा म्हटलं. मग नीरजाने पिशवीची चेन लावली.

ह्याच्यापुढचं मला माहीत नाही. कागद घरी पोचला का, तो कुणी वाचला का, शेठने त्याला प्रेसवर ठेवलं की झाकणं मोजायला बसवलं, ठाण्याच्या दवाखान्यात तो गेला का, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्यासारख्याला कोण सांगणार? मार्चनंतर नीरजाही आली नाही. करार वाढला नाही, की तिनेच दुसरीकडे नोकरी धरली, तेही कळलं नाही. अहवाल छापून झाला आहे, जाड आहे. त्यात तो गाळा म्हणजे एका तक्त्यातली एक ओळ. एक्केचाळीस नंबर, शहाण्णव डेसिबल, कामगार सहा. ओळ खरी आहे. त्या ओळीसाठी एका माणसाने स्वतःची भीती खाली ठेवली होती, ते तिच्यात मावलेलं नाही.

आता मी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाटात आहे. नवीन यंत्रं आली आहेत, ती आकडे थेट फोनवर पाठवतात. आमची बारा जणांची पेटी निर्लेखनाच्या यादीत गेली, म्हणजे वापरातून काढून टाकायची. घेऊन जायला कुणी येईपर्यंत इथेच.

निघण्याआधी एकच सांगणं आहे, आणि ते मी माझ्या कामाच्या भरवशावर सांगतो. एखादा माणूस गप्प बसला, म्हणून त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं समजू नका. मी आयुष्यभर आवाज मोजले, तशी शांतताही पुष्कळ मोजली. बंद खोलीतली, सुट्टीच्या दिवशीच्या कारखान्यातली, बॅटरी संपेपर्यंत ह्या कपाटातलीसुद्धा. शून्य मला कुठेच मिळालं नाही.